घोट्याच्या वर चार बोटे

दिनांक २७ जानेवारी १९९१, रविवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. स्थळ धुळे, पांझरा नदीपलीकडील देवपूरचे मैदान. या वेळी आणि या ठिकाणी, जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या मैत्रीच्या सामन्यात, जळगावच्या लोटन महाजन याच्या पायाशी गाठ पडून धुळ्याच्या सुकदेव अहिरे याच्या उजव्या पायाचे हाड मोडले. ही गोष्ट माझ्यापासून बारा पावलांवर घडली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर घेऊन मोडावी तसा आवाज झाला, आणि दीड हजार माणसांचे मैदान एकाएकी असे गप्प झाले की रस्त्यावरच्या सायकलची घंटा स्पष्ट ऐकू आली.

मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवितो आणि दोन्ही जिल्ह्यांच्या संयुक्त क्रीडा समितीचा चिटणीस आहे. म्हणून चौकशीचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या अहवालावर लोटनची नोकरी अवलंबून होती. देवपूरच्या एका शिक्षणसंस्थेने आपल्या शाळेत फुटबॉल शिकविण्यासाठी त्याची निवड जवळजवळ पक्की केली होती. संस्थेचे अध्यक्ष लीलाधरभाऊ सामना पाहायला आले होते. जाताना ते मला म्हणाले, "नाना, तुम्ही निर्दोष लिहिलंत तर येत्या शुक्रवारी, एक तारखेला, त्याला हजर करून घेतो. नाही तर पोरांच्या आयांना मी काय तोंड दाखवू?"

लोटनच्या निर्दोषपणाविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. धरणगावच्या या माणसाने मुंबईतील एका खासगी कंपनीच्या पगारी संघातून अकरा वर्षे बचावफळी सांभाळली होती. गोल करणाऱ्याचे कौतुक कोणीही करील. गोल होऊ न देणाऱ्याचे कौतुक करायला थोडी बुद्धी लागते, असे माझे मत आहे आणि त्यावर मी अनेकांशी वाद घातला आहे. वर्तमानपत्रांत त्याच्याविषयी येणारे प्रत्येक कात्रण मी वहीत चिकटवून ठेवी आणि 'एकही गोल होऊ दिला नाही' या शब्दांखाली तांबड्या शाईने रेघ ओढी. अकरा वर्षांत एकाही पंचाने त्याला मैदानाबाहेर काढले नव्हते. असा माणूस गुडघा दुखावल्यावर गावी परतला आणि तीन वर्षे भावाच्या कापसाच्या जिनिंगमध्ये राखणीला बसला, याचे मला दुःख होते.

मी सात पानांचा अहवाल लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा बुटांचा होता. आमच्याकडील बहुतेक खेळाडू आजही अनवाणी खेळतात. सामन्यापूर्वी लोटनने सर्वांकडे एकदा पाहिले, आपले बूट काढले आणि रेषेबाहेर ठेवून दिले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. ज्याला इजा करायची आहे तो आपले हत्यार आधी खाली ठेवील काय, असा प्रश्न मी तिसऱ्या पानावर विचारला होता आणि त्याला उत्तर नाही अशी माझी खात्री होती.

आमच्या भागात एक रीत आहे. ज्याच्या हातून इजा झाली त्याने नारळ घेऊन त्या घरी जावे. घरातल्या बाईने पाणी दिले व तो ते प्याला, की तक्रार मिटली असे सर्व जण धरतात. त्या रीतीप्रमाणे बुधवारी सकाळी मी लोटनला सुकदेवच्या घरी नेले. सुकदेव चोवीस वर्षांचा, एका छापखान्यात कामाला होता. तो खाटेवर पडला होता. प्लास्टरमधला पाय दोन उशांवर ठेवलेला होता.

"या लोटनभाऊ," तो म्हणाला. "उठता येत नाही, राग मानू नका."

"पाय नही शे, तं उठी कसा?" त्याची आई द्रौपदाबाई दाळ निवडता निवडता म्हणाली. तरी ती उठली, नारळ घेतला, माठातले पाणी पेल्यात भरून लोटनच्या हातात दिले. लोटन ते उभ्यानेच प्याला.

माझ्या मनावरचे ओझे उतरले. प्रकरण मिटले, असे मी धरून चाललो आणि, सुकदेवचीही संमती असावी म्हणून, पिशवीतून अहवाल काढून मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्या पानावर आलो तेव्हा लोटनने मला थांबविले.

"नाना, ते बुटांचं खोडा."

"का?"

"ते खरं नाही. बूट असते तर कदाचित पाय वाचला असता. बूट सरकतो. उघड्या पायाला जागा बरोबर कळते."

मला त्याचे म्हणणे समजले नाही. मग तो खाटेपाशी गेला, वाकला आणि प्लास्टरवर एका जागी तर्जनी टेकून म्हणाला, "इथं. घोट्याच्या वर चार बोटं. तिरपं मोडलं असेल, वरून आत."

सुकदेवने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि उशाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक्स-रे काढला. मी तो खिडकीच्या उजेडात धरला. घोट्याच्या वर चार बोटांवर एक काळी रेघ होती. तिरपी, वरून आत गेलेली.

"तुम्ही डॉक्टरांना भेटला होतात?" सुकदेवने विचारले.

"नाही बा. मी कशाला भेटू?"

एक्स-रे खाली ठेवायचे मला सुचेना. लोटन मात्र शांतपणे बोलत होता, जसा एखादा गवंडी भिंत कशी उचलली ते सांगतो. कंपनीचे प्रशिक्षक सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवरचा एक आकडा सांगत: सात नंबर, किंवा अकरा नंबर, पहिल्या वीस मिनिटांत. त्यासाठी गोणपाट गुंडाळलेला एक लाकडी खांब होता. त्याच्यावर दोन वर्षे सराव झाला.

"आधी चेंडूला लागायचं, मग पायाला. चेंडूला आधी लागलं की पंच शिट्टी वाजवत नाही. अकरा वर्षांत चार पाय."

"कोणाचे?" मी कसेबसे विचारले.

"नावं सांगत नसत, नाना. नंबर सांगत."

चार. ते चारही सामने माझ्या वहीत होते. चारही कात्रणांत लिहिलेले होते की प्रतिस्पर्ध्यांचा प्रमुख आघाडीपटू दुखापतीमुळे बाहेर गेला. ते वाक्य मी प्रत्येक वेळी वाचले होते आणि त्याच्या पुढच्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली होती. शब्दाशब्दाची छाननी करण्याचा मला अभिमान. आणि अकरा वर्षे मला काहीच दिसले नव्हते.

"पण इथे तुम्हाला नंबर कोणी दिला?" मी ओरडलोच. "हा मैत्रीचा सामना होता!"

"कोणी नाही दिला. सुकदेव दोनदा मला चुकवून गेला. तुमचे जळगाववालेच ओरडले, 'लोटनभाऊ, एस.टी. गेली, आता पायी या!' हसू द्या, त्याचं काही नाही. पण लीलाधरभाऊ खुर्ची टाकून समोर बसले होते. नोकरी ते देणार. मी काय काम करतो ते त्यांना दिसायला नको?"

परातीतल्या दाळीत फिरणारा द्रौपदाबाईचा हात थांबला.

"म्हणजे," सुकदेव हळूच म्हणाला, "माझा पाय तुमचा अर्ज होता, भाऊ?"

आतापर्यंत लोटनच्या चेहऱ्यावर नसलेले काहीतरी तेथे आले. तो खाली बसला, जमिनीवरच. "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मुंबईचे ते चौघं तर पुन्हा कधी दिसलेच नाहीत."

माझा स्वभाव असा की वाद हरल्यावरही मला थांबता येत नाही. मी म्हणालो की माणूस कबुली देतो आहे, स्वतःची नोकरी धोक्यात घालून देतो आहे. असा सत्यवादी शिक्षक मिळणार कोठे? वाईट तेवढे टाकून चांगले तेवढे शिकवावे. चेंडू हेरणे, जागा धरणे, उडी मारणे, हे तरी निर्मळ आहे ना?

"नाना, मला वेगळं कुठं येतं?" लोटन म्हणाला. "चेंडू हेरायला शिकलो तेही पाय सापडावा म्हणूनच."

मी द्रौपदाबाईकडे वळलो. माझ्या हातात सात पाने होती आणि त्यांतले एकही आता माझ्या उपयोगाचे नव्हते.

"अक्का, तुम्ही सांगा. शुक्रवारी संस्थेत मी काय लिहून देऊ?"

तिने लोटनकडे पाहिले. त्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

"मानूस वाईट नही शे, नाना," ती म्हणाली. "पन याना हातमा पोरे देऊ नका."