किंवा समतुल्य भार

माझी बायको गेली हे मला कळलं तेव्हा मी एका सरकारी रुग्णालयाच्या भांडारात गादीवर उड्या मारत होतो.

हसू आलं तर हसा. ती असती तर सगळ्यांत आधी तीच हसली असती. शिवाय ते माझं कामच होतं. आम्ही नवरा-बायको छोट्या कारखानदारांना सरकारी टेंडर मिळवून द्यायचो, आणि मिळालं की माल अटींप्रमाणे, वेळेवर पोचतोय ना ते बघायचो. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं, एक कपाट. वाचायचं तिने, धावायचं मी. बादल्या, बाकं, पडदे असलं काहीबाही उत्तम बनवणारी माणसं टेंडरचा गठ्ठा समोर आला की घाम पुसायला लागायची. ती त्यांना म्हणायची, "तुम्ही फक्त माल नीट बनवा. घाबरायचं काम आमच्याकडे सोपवा."

टेंडर ती शेवटच्या पानापासून वाचायची. पहिल्या पानांवर नुसता मानपान असतो, खोड्या सगळ्या परिशिष्टात असतात, असं तिचं म्हणणं.

आणि आमचा धंदा उभा होता दोन शब्दांवर: 'किंवा समतुल्य'. सरकारला एकाच कंपनीचा माल मागता येत नाही, म्हणून अमुक कंपनीचा पंखा 'किंवा समतुल्य' असं लिहितात. त्या फटीतून आमची छोटी माणसं आत शिरायची. हे शब्द आमच्या घरातही राहायला आले होते. चहा घेणार का विचारलं की ती म्हणायची, "किंवा समतुल्य." एकदा तिने पांढरी बादली सांगितली आणि मी निळी आणली. म्हटलं, समतुल्य आहे. ती म्हणाली, "समतुल्य आहे की नाही ते खरेदी करणारा ठरवतो, पुरवणारा नाही. जा, बदलून आणा."

त्या रुग्णालयाला सगळ्या वॉर्डांसाठी गाद्या हव्या होत्या. आमच्या गादीवाल्याचा दर सगळ्यांत कमी निघाला होता. फक्त नमुन्याची चाचणी उरली होती: ऐंशी किलोच्या माणसाने एकाच जागी पन्नास उड्या मारायच्या, मग गादी किती दबली ते पट्टीने मोजायचं. गादीवाला काडीसारखा. त्याच्या बाजूने उड्या मारणारा म्हणून बायकोने माझं नाव नोंदवलं. म्हणाली, "लोक फाइलवर वजन ठेवून कामं करून घेतात. आपण गादीवर ठेवू. उगाच का पोसलंय तुम्हाला?"

तर मी बूट काढून उड्या मारत होतो, रुग्णालयाच्या मेट्रनबाई मोठ्याने मोजत होत्या आणि खिशातला फोन छातीवर थरथरत होता. मी दुर्लक्ष केलं. तो परत थरथरला.

"घ्या हो तो फोन," मेट्रनबाई म्हणाल्या. "आकडा मी लक्षात ठेवते."

फोन मेहुणीचा होता. ती त्या दुपारी बहिणीला भेटायला आमच्या ऑफिसात गेली होती. "भावजी, लगेच या. ताई टेबलावरच..."

मी गादीवरून उतरलो आणि तसाच मोज्यांवर निघालो. पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या हातात पेन्सिल होती.

माणसं आली, बसली, गेली. मेहुणी मात्र राहिली. मला ताटावर बसवायची, मी दोन घास खाऊन उठायचो. ऑफिसची तिची पिशवी मी घरी आणली होती, आणि कुठेही निघालो की ती खांद्याला अडकवूनच निघायचो. का, ते मलाही सांगता यायचं नाही. तिच्यात शिक्के, पंचिंग मशीन, स्टेपलर, कोऱ्या कागदांचा जाडजूड गठ्ठा, असा सगळा संसार होता. मेहुणी म्हणायची, "ही पिशवी नाही भावजी, हे पट्टा लावलेलं कपाट आहे."

मग एका सकाळी गादीवाला आला. दारातच उभा राहिला.

"भाऊ, ही वेळ नाही, मला कळतंय."

"आत तरी ये. काय झालं?"

"त्यांनी 'चाचणी अपूर्ण' असा शेरा मारलाय. पुन्हा एक संधी देतायत, उद्याची. पण ज्याचं नाव नोंदवलंय त्यानेच उड्या मारायच्या. नाहीतर काम दुसऱ्या नंबरवाल्याला." तो टोपी हातात चुरगाळत बसला. "वहिनी म्हणाल्या होत्या, हे आपलंच समज. मी शिवणाऱ्या बायका कामावर घेऊन बसलोय. आता त्यांना घरी जा कसं सांगू?"

मी नाही म्हणालो. नुसतं गादीवर चढायचं म्हटलं तरी छातीवर तो फोन थरथरायला लागायचा.

मेहुणी स्वयंपाकघरातून ऐकत होती. ओले हात पुसत बाहेर आली. "भावजी, ताई असती तर घरी बसली असती?"

"ती उड्या मारत नव्हती."

"तुम्हाला मारायला लावत होती ना? मग तेच मी करतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. भांडारप्रमुख कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्यांनी आधी कपाटातून माझे बूट काढले आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "बूट, काळे, जोड एक, वापरलेले. मिळाले म्हणून सही करा." मी सही केली. मग त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं.

मी काट्यावर उभा राहिलो. शहात्तर.

माझी पँट पट्ट्याने चुण्या पाडून आवळलेली होती, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं, मलाही.

"अहो, मागच्या वेळी काटा ओरडायचा बाकी होता!" गादीवाला म्हणाला. "भाऊ, पाणी प्या. भरपूर प्या."

"चार किलो पाणी?" मेट्रनबाई म्हणाल्या. "मग उड्या नकोत, त्यांना सरळ माझ्या वॉर्डात भरती करा."

"अट ऐंशीची आहे," भांडारप्रमुख म्हणाले. वाईट वाटलं असावं त्यांनाही, पण त्यांनी पेन उघडलं. शेरा लिहायला.

गादीवाला माझ्याकडे बघत होता. बायको असती तर काय केलं असतं? वाचलं असतं. मी म्हटलं, "साहेब, टेंडर जरा द्या." आणि शेवटचं पान काढलं. एवढ्या वर्षांत मी टेंडरं वाहिली, वाचलं एकही नव्हतं. बोट ठेवून वाचत गेलो. तळाला, बारीक अक्षरात, तिचे दोन शब्द भेटले: 'किमान ऐंशी किलो वजनाची व्यक्ती किंवा समतुल्य भार.'

मी पिशवी खांद्यावरून काढून छातीशी धरली आणि पुन्हा काट्यावर चढलो. काटा ऐंशीच्या किंचित पुढे जाऊन थांबला.

"हे काय?" भांडारप्रमुख म्हणाले.

"समतुल्य भार."

"हा समतुल्य आहे हे कोणी ठरवायचं?"

"खरेदी करणाऱ्याने," मी म्हटलं. "म्हणजे तुम्ही. आम्हाला तो अधिकार नाही."

भांडारप्रमुखांनी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि मेट्रनबाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "माझ्या वॉर्डातले लोक उशाला डबा आणि पायाशी पिशवी घेऊनच झोपतात. मला चालेल. चढा."

"फोन इकडे द्या," मेहुणी म्हणाली. मी दिला.

मला वाटलं होतं की बाई मागच्या आकड्यापासून पुढे मोजतील. छे. एकपासून. पिशवी आवळून मी उडत होतो आणि आतलं पंचिंग मशीन खडक खडक बरगड्यांवर आपटत होतं. निम्म्याहून जास्त झाल्या, मागच्या वेळी फोन आला त्या सुमाराला पोचलो, आणि माझे पाय मंदावले. खिसा रिकामा होता तरी हात तिकडे गेला.

तेवढ्यात पिशवीतून कसलीशी पिन घुसली ती थेट माझ्या पोटात. मी "आई गं!" म्हणून केवढ्याने ओरडलो आणि उंच उडालो.

"थांबू नका!" मेट्रनबाई ओरडल्या.

"ताई थांबू देतेय होय!" मेहुणी म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती.

पन्नास झाल्या. भांडारप्रमुखांनी पट्टी लावली, डोळा अगदी गादीला टेकवला. दबली होती, पण मर्यादेच्या आत. त्यांनी 'चाचणी पूर्ण' असं लिहिलं आणि गादीवाला मला मिठी मारायला धावला तो पिशवीवरच आपटला.

ऑर्डर आली. शिवणाऱ्या बायका कामाला लागल्या, आता दर आठवड्याला एक टेंपो भरून गाद्या जातात आणि मी पावतीवर शिक्का घेऊन येतो. मेहुणी दुसऱ्या टेबलावर बसते. अजून ती पहिल्या पानापासून वाचते, पण शिकेल. परवा तिने चहा घेणार का विचारलं आणि माझ्या तोंडून "किंवा समतुल्य" निघून गेलं. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. म्हणाली, "हे चालवून घ्या."

पहिला टेंपो गेला त्या संध्याकाळी गादीवाला घरी आला होता. आमचा पलंग बघून त्याने कपाळाला हात लावला. "भाऊ, गादीवाल्याला सल्ला देणारी तुम्ही माणसं, आणि घरी ही असली गादी? बघा, या बाजूला केवढा खड्डा पडलाय!" ती तिची बाजू. मी तिथली चादर ओढून सारखी केली. त्याच्याही मग लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने शिवलेली नवी गादी पाठवली. ती प्लास्टिकसकट दारामागे उभी आहे.

जुनी काढायची राहिली आहे.