लोणच्याचा प्रयोग

शनिवारचा शेवटचा तास मी पोरांच्या प्रश्नांना देते. दूध उतू जातं मग पाणी का नाही, कांदा चिरताना रडू का येतं, काहीही विचारा. आमच्या इतवाऱ्यातल्या शाळेत एवढ्या एकाच तासाला पोरं घंटेची वाट बघत नाहीत. त्या शनिवारी सगळे गेल्यावर दहावीतली मोनाली मागे थांबली. घरची केळीची शेती, पोर हुशार. खालमानेनं म्हणाली, "मॅडम, पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच सडतं?"

माझं डोकंच फिरलं. अगं, कुठल्या जमान्यात राहता तुम्ही! म्हटलं, "काही होत नाही. लावून बघ."

तिनं लावला. थोड्याच दिवसांत बरणीत पांढरी बुरशी! केळी कापायला येणाऱ्या मजुरांसकट अख्ख्या घराचं वर्षाचं लोणचं उकिरड्यावर गेलं. आईनं विचारलं तर वेडीनं खरं सांगून टाकलं. बापानं तिची शाळाच बंद केली.

मी तणतणत तिच्या घरी गेले. तिची आई, सविताताई, दारातच उभी होती. मागून मोनाली आली. मी तिलाच विचारलं, "हात कसा घातला होतास गं?"

"धुवून, मॅडम. साबण लावून. विटाळाचा हात तसाच कसा घालणार?"

"पुसलास?"

"नाही."

घ्या! म्हटलं, "ताई, पाण्यानं बुरशी आली. पाळीचा काय संबंध?"

"पाण्यानं लोणचं नासतं हे मला शिकवता का, मॅडम?" सविताताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मीच घालते. पण हिचे पप्पा बोलतात, आज लोणच्याला हात लावला, उद्या देवाला लावेल. शाळेतूनच शिकून आली ना?"

म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं, आणि तरी गप्प! मला असा संताप आला की काय बोलून बसले असते कोण जाणे. तेवढ्यात मोनालीच मध्ये पडली.

"मॅडम, तुम्ही मम्मीला बोला ना, मी आता काहीच नाही विचारणार. शनिवारी तुमच्या तासाच्या आधीच घरी येऊन जाईन. बस, परीक्षेला बसू द्या."

इतकी वर्षं "विचारा रे, विचारा" म्हणून मी घसा फोडतेय. त्या दारात मी हात जोडले आणि म्हटलं, "ताई, मी शब्द देते. ही पुन्हा काही विचारणार नाही."