सगळ्यात अवघड घराणं

सफरचंदावरचा तो गोल स्टिकर नखानं पूर्ण निघत नव्हता. अर्धा निघाला, अर्धा सालीला चिकटून राहिला आणि त्याच्या कडेला नखाची बारीक खूण उमटली, म्हणजे आता हे फळ कुणीतरी चिवडलेलं दिसणार. नागसेननं ते पिशवीत खाली, बाकीच्या पाचांच्या तळाशी सरकवलं. आजाऱ्याकडे जाताना फळं न्यायची असतात. पण रविराज आजारी कुठं होता? उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसखाली गेलेल्या माणसाला आजारी म्हणतात का... आणि त्याला सफरचंद कापून कोण देणार?

बस मोशीच्या अलीकडे केव्हाची उभी होती. गुरुवार, म्हणजे पिंपरीतल्या त्याच्या कंपनीच्या सुट्टीचा वार. पण पुढे चाकणपर्यंत कंटेनरांची रांग तशीच होती. सकाळी त्याची बायको नेहा म्हणाली होती, ‘‘आज तरी जाऊन ये. सव्वीस दिवस झाले.’’ तिनं दिवस मोजले होते याचं त्याला आश्चर्य वाटलं, आणि मग आपण मोजले नव्हते असं भासवल्याची लाज. कारण त्यानंही मोजले होते. रोज.

नेहाला एवढंच ठाऊक होतं की सात महिन्यांपूर्वी दोघं मित्र खेळावरून भांडले. ‘‘चौतीस वर्षांची माणसं तुम्ही, संगणकावरच्या खेळावरून बोलणं टाकता?’’ असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि तो हसला होता. हसणं सोपं होतं. खेळावरूनच भांडलो, हे खोटंही नव्हतं.

जुन्या जपानातल्या लढायांचा खेळ. सरदारांची दहा-बारा घराणी, प्रत्येकाचा एखादा प्रांत, आणि सगळ्यांना राजधानी हवी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी रविराजच्या महाळुंग्यातल्या घरी त्यांनी तो पहिल्यांदा लावला. जमीन कंपन्यांसाठी गेली, पैसे आले आणि त्यांतून त्याच्या वडिलांनी त्याला संगणक घेऊन दिला. दापोडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो ठेवायचा तर आधी आईच्या शिवणयंत्राची जागा मोडावी लागली असती, म्हणून मग मीच दर गुरुवारी त्याच्याकडे. पंधरा वर्षं. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, गुरुवार तसाच राहिला. आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं की हाच खेळ खेळणाऱ्या चाळीस मराठी जणांच्या फोनवरच्या ग्रुपसाठी एक नीट यादी करायची : कुठलं घराणं घेतलं तर खेळ किती अवघड.

तळाशी शिमाझू, यावर वाद नव्हता. नकाशाच्या नैऋत्य टोकाला बसलेले. पाठीशी समुद्र, शत्रू एकाच बाजूनं, तोही एका वेळी एक. नवख्यानं तेच घ्यावं. मग वर वर चढत उएसुगी, तोकुगावा... आणि सगळ्यात वर रविराजच्या मते ओदा. नकाशाच्या मधोमध. चारही बाजूंना दात काढून बसलेले शेजारी. ‘‘झोपायचं कुठल्या कुशीवर, हाच प्रश्न,’’ तो म्हणायचा. नागसेनचं म्हणणं वेगळं होतं. सगळ्यात वर इक्को. ते सरदार नव्हतेच; भिक्खू आणि शेतकरी, हाताला लागेल ते घेऊन उठलेले. त्यांचा पंथ वेगळा म्हणून बाकीची सगळी घराणी पहिल्या वळणापासून, म्हणजे पहिल्या खेळीपासून, त्यांच्यावर खार खाऊन. ओदाचे शत्रू ओदानं केलेले असतात किंवा शेजारामुळे झालेले. तह करता येतो, मुलगी देता येते. इक्कोंनी काही केलेलंच नसतं. खेळ सुरू होतो तेव्हाच ते नकोसे असतात.

‘‘पण राव, त्यांना बंडखोर फुकट मिळतात,’’ रविराज त्या गुरुवारी म्हणाला होता. ‘‘दुसऱ्याच्या प्रांतात दंगा झाला की माणसं यांच्याकडे. ही सवलतच झाली ना?’’

‘‘सगळं जग विरोधात असताना चार बंडखोर मिळाले तर सवलत?’’

‘‘सवलत ती सवलत.’’ आणि मग खुर्चीत मागं रेलून, अगदी सहज, डोक्यामागं हात घेत, ‘‘तुला नाही कळायचं. तुमचं सगळं आयुष्यच इझीवर लावलेलं.’’

आणि हसला. वाईट हसला नाही... तेच तर. मोकळा हसला, जसा पंधरा वर्षं हसत होता. त्याची बायको पूनम तेवढ्यात चहा घेऊन आली आणि मी तो चहा प्यालो. पूर्ण प्यालो. कप खाली ठेवताना ‘छान झालाय वहिनी’ असंही म्हणालो. सात महिन्यांत नागसेनला त्या वाक्याचा जेवढा राग आला नाही तेवढा त्या चहाचा आला.

उत्तरं होती, नाही असं नाही. ती परतीच्या बसमध्ये आली, दुसऱ्या दिवशी लाइनवर माप घ्यायचं गेज हातात असताना आली, आंघोळ करताना आली. डिप्लोमाला माझा प्रवेश खुल्या यादीतून झाला होता, दोन गुणांनी का होईना. हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही. सांगितलं की कबूल केल्यासारखं होतं की दुसऱ्या यादीतून झाला असता तर त्यात खाली मान घालण्यासारखं काही होतं. आणि तुला नोकरी कशी लागली, रविराज? जमीन गेलेल्यांच्या दाखल्यावर. ती सवलत नव्हती, तो हक्क होता. मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. मग माझ्याच वेळी शब्द का बदलतो?... असं बरंच. प्रत्येक वेळी आधीपेक्षा धारदार. पण समोर कुणी नव्हतं. नागसेननं त्याचे फोन घेणं बंद केलं. दोन-तीन गुरुवारांनंतर रविराजनं करणं बंद केलं.

बस हलली.

आणि मग ते दुसरं, जे नेहालाही ठाऊक नव्हतं. सव्वीस दिवसांपूर्वी दुपारी कॅन्टीनमध्ये ताट समोर असताना शेखरचा फोन आला. शेखर त्यांच्याच वर्गातला, रविराजच्याच कारखान्यात स्टोअरला. ‘‘रवीची बोटं गेली रे. तीन. उजव्याची. ऑपरेशनला घेतलाय.’’ आणि नागसेनच्या मनात जी पहिली गोष्ट उमटली ती दुःख नव्हतं, धक्काही नव्हता. एक स्वच्छ, थंड वाक्य होतं : आता खेळ म्हणावं अवघडवर.

एक क्षण. कदाचित क्षणापेक्षाही कमी. त्यानंतर माणसाला जे जे वाटायला हवं ते सगळं वाटलं. पण आधी ते वाक्य आलं होतं. आणि फोन ठेवल्यावर त्यानं ताटातला उरलेला भात संपवला होता. तो लगेच दवाखान्यात गेला नाही, कारण रविराजकडे बघताना ते वाक्य आपल्या चेहऱ्यावर दिसेल अशी त्याला खात्री होती. मग उशीर झाला म्हणून गेला नाही. मग फारच उशीर झाला म्हणून.

चाकणच्या चौकात उतरून तो शेअर रिक्षात बसला. महाळुंग्यात रविराजच्या घराशेजारी कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची रांग होती, तारांवर एकाच रंगाचे शर्ट वाळत होते. दार रविराजच्या आईनं, सोजराबाईंनी उघडलं. क्षणभर त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखून थांबल्या.

‘‘ये बाबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लई दिस लावलंस. आमी म्हनलं, इसरला का काय.’’

‘‘न्हाई मावशी... जमलं नाही.’’

‘‘पूनम कामावर गेलीया. आमी दोघंच.’’ त्यांनी पिशवी घेतली, आत बघितलं नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘धड जेवत न्हाई. कुनाशी बोलत न्हाई. नुसता त्या डब्याम्होरं बसून ऱ्हातोय. डाव्या हातानं घास घ्यायची लाज वाटती त्येला, मी भरवते म्हनलं तर वरडतो. तू सांग काय तरी. तुझं ऐकतोय त्यो.’’

तुझं ऐकतो. नागसेन जिना चढला.

रविराज पाठमोरा बसला होता. बँडेजमधला उजवा हात उशीवर, शरीरापासून थोडा लांब, कुणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा. डावा हात माऊसवर. पडद्यावर जपानचा तो ओळखीचा नकाशा. त्यानं मान वळवली, बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

‘‘बस.’’

नागसेन आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला. बोलायचं काय हे बसमध्ये ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता जवळ नव्हतं. बँडेजकडे बघायचं नाही असं ठरवल्यामुळे तो नकाशाकडे बघू लागला आणि मग त्याला दिसलं, की रविराज इक्को खेळत होता.

‘‘माऊसची बटणं उलटी करून घेतलीत,’’ रविराज म्हणाला. ‘‘लढाया जमत नाहीत अजून. हात मागं पडतो. मग लढाईचा निकाल खेळालाच आपोआप लावू देतो. त्यात दर वेळी आपली माणसं जास्त मरतात.’’

‘‘हं.’’

‘‘तुझं बरोबर होतं राव. यादीत इक्कोच वर पाहिजेत.’’

सात महिने नागसेननं हे वाक्य मनातल्या मनात वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं होतं. कधी वरमून म्हटलेलं, कधी हात धरून, एकदा तर रडत. असं सपाट कधीच नाही.

‘‘चौदा वळणं झाली,’’ रविराज पुढे म्हणाला. ‘‘सगळ्यांकडे माणूस पाठवला. तह नाही, व्यापार नाही. भेट पाठवली तर भेट ठेवून घेतात. मी काही केलंच नाही रे त्यांचं.’’ डाव्या हातानं तो नकाशा उगाच इकडेतिकडे सरकवत होता. ‘‘मी काहीच केलेलं नाही.’’

हा आवाज खेळातला नव्हता. नागसेनला वाटलं, आता. आता बोलेल तो. त्या गुरुवारचं. आणि मग मीही कॅन्टीनमधलं सांगेन, दोन्ही समोरासमोर ठेवू, कुणाचं जड ते दिसेल...

‘‘आपण भांडलो कशावरून होतो रे?’’ रविराजनं विचारलं. ‘‘ओदावरून ना?’’

खाली सोजराबाईंनी कसलंतरी भांडं घासायला घेतलं होतं. तो आवाज बराच वेळ येत राहिला.

‘‘हो,’’ नागसेन म्हणाला. ‘‘ओदावरूनच.’’

‘‘येडेच आहोत.’’

‘‘हो.’’

‘‘ही एक लढाई तू लढ,’’ रविराज खुर्चीसकट बाजूला सरकला. ‘‘आपोआप लावली तर किल्ला जातो.’’

नागसेन पुढे झाला. माऊस डाव्या हाताच्या बाजूला होता. तो उजवीकडे आणला तरी बटणं उलटीच. हे लक्षात असूनही बोटं जुन्याच सवयीनं चालली. निवडायला गेला तर भालाईत टेकडी सोडून खाली पळाले. त्यांना थांबवायला गेला तर धनुर्धारी त्यांच्या मागोमाग उतरले. समोरून घोडेस्वार आले. ‘‘अरे, दुसरं बटण! दुसरं!’’ रविराज ओरडला, आणि सवयीनं त्याचा उजवा हात माऊसकडे झेपावला. बँडेज टेबलाच्या कडेवर आपटलं. तो कळवळला, हात छातीशी धरून वाकला, आणि वाकल्या वाकल्या हसायला लागला. बराच वेळ हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पडद्यावर भिक्खू पळत सुटले होते.

‘‘घालवलास किल्ला.’’

‘‘घालवला.’’

‘‘होतं.’’ त्यानं डाव्या दंडानं डोळे पुसले. ‘‘होतं असं.’’

सोजराबाईंनी हाक मारली. दोघं जेवायला खाली गेले. रविराज भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं जेवला. नागसेन आपल्या ताटाकडे बघत जेवला. सोजराबाईंनी दोघांनाही न विचारता आणखी भाकरी वाढली.

निघताना दारात नागसेन थांबला. ‘‘रवी, तुझं कळलं ना, तेव्हा मला...’’

‘‘काय?’’

वाक्य जिभेपर्यंत आलं होतं, सव्वीस दिवसांचं घट्ट, जसंच्या तसं. त्याला ते सांगून मोकळं व्हायचं होतं. आणि त्याच वेळी कळलं, की मोकळा मी होईन, आणि हा ते घेऊन त्या खुर्चीत बसेल.

‘‘लगेच यायला पाहिजे होतं.’’

‘‘हो,’’ रविराज म्हणाला. ‘‘यायला पाहिजे होतं.’’

तो कडवट नव्हता. फक्त खरं होतं ते म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

महाळुंग्याच्या चौकात ऊन तापलं होतं. चाकणच्या रिक्षा भरत होत्या, निघत होत्या. नागसेन कडेला उभा राहिला. त्याला खरंच आठवत नसेल? की आठवतंय, आणि ‘ओदावरून ना’ हीच त्याची पद्धत... मला वाट करून देण्याची, किंवा स्वतःला? विचारलं तेव्हा त्याचा चेहरा कसा होता? मी नकाशाकडे बघत होतो. सात महिने मी एका वाक्याशी भांडलो, त्याला जपलं, पॉलिश केलं. आणि ते ज्यानं उच्चारलं त्याच्याकडे आता ते नव्हतंच बहुधा. ते फक्त माझ्याकडे होतं. आणि दुसरंही माझ्याचकडे. दोन्ही वाक्यं आता एकाच घरात राहणार, शेजारी शेजारी, तहाविना.

राग शोधला तर तो होता, पण सैल झालेला. हात लावला की हलणारा. त्याची इतकी सवय झाली होती, की तो हलतोय म्हटल्यावर नागसेनला आधार सुटल्यासारखं वाटलं.

‘‘चाकण? एक सीट!’’ रिक्षावाला ओरडला. नागसेननं मान हलवली, पण पाय उचलला नाही. कारण त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. किल्ला गेला म्हणजे पंधराव्या वळणाला उत्तरेची वाट उघडी पडणार. हिवाळ्यापर्यंत सगळी माणसं मंदिराच्या प्रांतात मागं घ्यायला हवीत, भेटी पाठवणं बंद करायला हवं, कुणी घेत नाही... हे त्याला सांगायला हवं होतं. आपण हे कुणासाठी आखतोय हे कळल्यावर तो थबकला. थांबवायचा प्रयत्न केला, आणि तरी मन त्या नकाशावरून हलेना.

रिक्षा निघून गेली. दुसरी येऊन उभी राहिली.