ताइमीची थाप

"सरक त्या खिडकीपासून. डोळे लावून बसलं की बोलावणं लवकर येतं का?" सासूबाई चुलीपाशी मोजा विणत बसल्या होत्या.

"बर्फ किती पडलंय ते बघतेय, आई," लेम्पी म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

सकाळी तीन घसरगाड्या चर्चकडे गेल्या होत्या. घोडे सावकाश चालत होते. सावकाश चालणारे घोडे काय घेऊन येतात, हे रशियाशी लढाई जुंपल्यापासून गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. सीमेवर पडलेली पोरं अशी घरी यायची. चर्चमागच्या खोलीत त्यांना अंघोळ घालायची, धुतलेला सदरा चढवायचा आणि पेटीत नीट निजवायचं, हे काम लेम्पी आणि ताइमीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. बाकीच्या बायका सैन्यासाठी पाव भाजत, हातमोजे विणत. ह्या कामाचं नाव काढलं की त्यांना कणकेचं पातेलं आठवायचं.

नियम एकच होता. जिचा मुलगा आला असेल तिला बोलवायचं नाही. तिच्या घरी पाद्रीबाबा स्वतः जायचे. म्हणून ताइमीची थाप दारावर पडली की लेम्पीला कळायचं, आपला पोरगा ऑन्नी आज तरी जिवंत आहे. पाद्रीबाबांचा निरोप मिळाला की ताइमी तिला न्यायला दर वेळी दहाच्या आत यायची. आज बारा वाजून गेले होते.

वळणावर पाद्रीबाबांचा काळा कोट तर दिसत नाही ना, हे ती पुन्हा पुन्हा बघत होती. स्वतः जाऊन विचारावं, तर पाय उचलत नव्हता. विचारलं नाही तोवर ऑन्नी होता.

"दोन घास खाऊन घे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एकच ओळ तिसऱ्यांदा उसवली होती.

आणि दारावर थाप पडली. ताइमीचीच.

"देवा, पावलास रे!" लेम्पी ओरडलीच. दार उघडून तिनं ताइमीला मिठी मारली. "मेले, जीव घेतलास की माझा! कुठं उलथली होतीस सकाळपासून? थांब, शाल घेते."

ताइमी उंबऱ्यातच उभी राहिली. "पाद्रीबाबा घरी आले होते. आज येऊ नकोस म्हणाले."

"कुणाला, मला?"

"मला. माझा एस्को आहे, लेम्पे. पण त्याला दुसऱ्या कुणी न्हाऊ घातलेलं मला नाही चालायचं. आणि एकटीला जमायचं नाही. तू चल."

लेम्पीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला माहीत नव्हतं गं..."

"असू दे. दर वेळी तुझ्याकडे येताना मीही 'देवा, पावलास' असंच म्हणत आलेय. फक्त मनात."

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या.

ताइमीच्या कोटाची बटणं भलत्याच काजांत गेली होती. लेम्पीनं ती एकेक करून सोडवली आणि गळ्यापर्यंत नीट लावली. ताइमी हनुवटी वर करून उभी राहिली. मग दोघी निघाल्या.