तोरेऑनला नेलेला अनंत

एर्मेलिंदाचा हात झाडांना मानवतो, हे सगळ्या फोर्तीन गावाला ठाऊक होतं. तिच्या अंगणातल्या अनंताच्या कुंड्या अशा फुलायच्या की बाजारात गिऱ्हाईक आधी तिच्याच टोपलीपाशी थांबायचं. डोंगरावरून उतरणारं धुकं आणि दिवसदिवस भुरभुरणारा पाऊस यांचाही त्यात वाटा होता, पण ते तिने कधी कबूल केलं नाही.

धाकटी बहीण सेनाइदा लग्न होऊन पार उत्तरेला, वाळवंटातल्या तोरेऑनला गेली. आईने लावलेल्या अनंताची कुंडी तिने बसमध्ये मांडीवर धरून नेली. मग दर रविवारी तिचा फोन यायचा.

"ताई, कळ्या धरतात आणि गळून जातात गं."

"पाणी जास्त होत असेल. बोट खुपसून बघ, वरची माती सुकली तरच घाल."

"तसंच करते."

"मग कुंडीखाली ताटलीत खडे ठेव, त्यात पाणी. पण कुंडीचं बूड पाण्यात बुडू देऊ नकोस."

"ठेवलेत. सकाळी पानांवर फवाराही मारते. तरी पानं पिवळी पडलीत."

अंगणात गिऱ्हाइकं खोळंबली होती. एर्मेलिंदा वैतागून बोलून गेली, "तुझ्या हातात काही जगतच नाही बघ!"

सेनाइदाची मुलगी आदल्याच वर्षी, बारसं व्हायच्या आत गेली होती. एर्मेलिंदाच्या ते ध्यानात आलं, तोवर फोन बंद झाला होता.

त्यानंतरचे रविवार तिच्या फोनविनाच गेले. एर्मेलिंदाने स्वतः फोन केला, की मेहुणा एवारिस्तो उचलायचा. "झोपलीय," म्हणायचा, नाहीतर "बाहेर गेलीय." शेवटी फुलांचा धंदा शेजारणीवर सोपवून ती बसमध्ये बसली.

तोरेऑनला उतरली तेव्हा तिचे ओठ फुटले होते, नाक आतून सोलवटल्यासारखं झालं होतं. सेनाइदाच्या स्वयंपाकघरात, उन्हाची तिरीप टाळून, खड्यांच्या ताटलीवर ती कुंडी होती. भोवती दोरीवर ओल्या चादरी. शेजारी पाण्याची बादली.

"नळाचं पाणी चुनखडीचं," एवारिस्तो हळूच म्हणाला. "ती त्यात थोडा व्हिनेगर घालते. दुपारभर चादरी भिजवत बसते. गरम वारा सुटला की दारं लावून घेते आणि स्वतः उकडून निघते."

सांगण्यासारखं एर्मेलिंदाजवळ काहीच उरलं नव्हतं. सगळं झालं होतं, तिला सुचलं नसतं तेही.

"सेना, चूक तुझी नव्हती गं. ही हवाच... मी तसं बोलायला नको होतं."

"जेवून घे ताई. राजमा गार होईल."

"अगं, ऐक तर माझं."

"ऐकलं की. तेव्हाच ऐकलं." सेनाइदा मागे न वळता तव्यावर तॉर्तिया शेकत राहिली.

"कुंडी मी घेऊन जाऊ? तिकडे तरारेल."

"नको. जगेल नाहीतर मरेल, माझ्याजवळ राहील."

निघताना सेनाइदाने गळामिठी मारली, वाटेसाठी डबाही बांधून दिला. रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. ऊन, महागाई, एवारिस्तोचे गुडघे, सगळ्यावर बोलणं व्हायचं. अनंताचं नाव मात्र सेनाइदाने कधी काढलं नाही. एर्मेलिंदाच्या अगदी ओठांवर यायचं, पण विचारायची तिची छाती झाली नाही.