फोरबर्गचा वाडगा आणि खिडकीतला कप

मित्रांनो, मी एक जुना चहाचा वाडगा आहे. जरा वाकडा आहे, काळपट आहे आणि खरं सांगायचं तर अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

जपानातल्या एका भट्टीत माझा जन्म झाला. घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या पोटावर तसाच राहिला आणि पुढे त्याचंच कौतुक झालं. माझ्या मालकीणबाई मुराता, त्यांच्या घरी पाहुणे मला दोन्ही हातांनी उचलत, फिरवून फिरवून बघत आणि माझ्यापुढे वाकत. मला गुंडाळायला रेशमी कापड, ठेवायला लाकडी पेटी. इतके लाड झाल्यावर कोण शेफारणार नाही? सगळ्याच भांड्यांचं आयुष्य असं असतं, अशी माझी पक्की समजूत झाली.

मुराताबाई नवऱ्याच्या नोकरीपायी हॉलंडात आल्या, नवरा गेल्यावरही फोरबर्गमध्येच राहिल्या आणि दर मंगळवारी घरी चहाचा विधी शिकवू लागल्या. २००५ साली तिथे जयंती आली. पुण्याची. नवरा शिरीष दिवसभर कॉम्प्युटरच्या कामात, आणि हिला अख्ख्या गावात नावाने हाक मारणारं कोणी नाही. मंगळवार तेवढा तिचा. चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचं, उजव्या हाताने द्यायचं, हे तिला आयतंच येत होतं. मला धुताना ती स्वतःशी बोलायची, "अगदी आपल्यासारखंच आहे गं बाई सगळं." माझं मराठी तिथलंच.

दुसरी शिष्या विल्मा. डच, उंच, अंगाने दणकट. सकाळी मुराताबाईंच्या घराची साफसफाई करायची आणि दुपारी हात धुऊन शिकायला बसायची. जयंतीला भर वाऱ्यात सायकल चालवायला शिकवली ती हिनेच. दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं.

तोवर प्रत्येकीला वेगळा चहा मिळे. नोव्हेंबरात मुराताबाईंनी पहिल्यांदा दाट चहा घोटला. तो सगळ्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा असतो. वाडगा अर्थातच मी. विल्मा थोडा प्यायली, तिने माझी कड ओल्या कापडाने पुसली, मला फिरवलं आणि जयंतीपुढे ठेवलं.

जयंतीने मला उचललं. ओठांपर्यंत नेलं आणि तिथेच थांबली. "उष्टं," ती पुटपुटली. "माझं पोट बरं नाही," असं इंग्रजीत म्हणून तिने मला खाली ठेवलं.

इतक्या वर्षांत मला असं भरलेलं कोणी खाली ठेवलं नव्हतं.

डच माणसं विचारतात तसं विल्माने सरळ विचारलं, "तुला चहा नको आहे, की माझ्यानंतरचा नको आहे?"

"आमच्यात कोणाचं उष्टं खात-पीत नाहीत."

"मागच्या मंगळवारी बाईंनी तुझा चहा आधी स्वतः चाखून तुझ्या हातात दिला. तो तू प्यायलीस. मी इथेच बसले होते."

विल्मा उठली, तिने कोट घेतला आणि ती निघून गेली. बाहेर तिच्या सायकलचं कुलूप वाजलं.

मग जयंती बोलू लागली. थोडं इंग्रजीत, मुराताबाईंशी, थोडं मराठीत, म्हणजे माझ्याशीच. "पुण्याला आमच्याकडे सुनेत्राबाई धुण्याभांड्याला येतात. त्यांचा कप खिडकीत गजांपलीकडे पालथा असतो. कान तुटलेला. आमचे सगळ्यांचे कप त्याच घासतात. स्वतःचाही त्याच घासतात. आणि तरी तो आत येत नाही. लहानपणापासून बघतेय मी तो कप. मला त्यात कधी काही वाटलंच नाही. आणि मी स्वतःला केवढी सुधारलेली समजत होते."

जयंतीने मला पुन्हा उचललं आणि गार झालेला कडू चहा तळापर्यंत प्यायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण विल्माची जागा रिकामीच होती.

माझी तर मतीच गुंग झाली. पाहुणे ज्याच्यापुढे वाकतात असा मी, आणि माझ्याच जातीचा एक मातीचा कप तिकडे ऊनपाऊस खात पालथा पडलेला. का, तर त्याला कोणाचे ओठ लागतात म्हणून. आणि हे मला ज्या बाईकडून कळलं, तिच्या हातांवर माझा जीव होता.

पुढच्या मंगळवारी विल्मा केरवारे करून गेली, बसली नाही. मला धुताना जयंती म्हणाली, "आईला फोन केला रे. म्हटलं, सुनेत्राबाईंचा कप आत घे. तर म्हणते, अगं, त्यांनाच तसं आवडतं. मी म्हटलं, तू त्यांना विचारलंस कधी? तर म्हणाली, तिकडे जाऊन भलतंच डोक्यात घेतलंयस, आणि फोनच ठेवला."

मग तिने हात पुसले, मुराताबाईंकडून विल्माचा पत्ता घेतला आणि भर वाऱ्यात सायकल काढली. दार विल्मा उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. मी पेटीत आहे.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना जुनी भांडी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मला रेशीम आहे, पेटी आहे. तुमच्या खिडकीत एखादा कप पालथा असेल, तर तो आत घ्या. आणि आजचा तुमचा चहा त्यातून प्या.