मुंडीछाप डबा

आठवीच्या इंग्रजी पुस्तकातला पहिला धडा बर्फावर घसरत खेळणाऱ्या मुलांचा होता. आमच्या तापीकाठच्या गावात फाल्गुनातच वाळू पाय भाजायची. तिथे मी तो धडा वर्षानुवर्षं शिकवला. मी म्हणायची, मागून मुलं सुरात म्हणायची. कोणाला काही कळत नसे. दुपारच्या तासाला तर मलाही तो नीट कळत नसे.

त्रेसष्ट साल असावं. एक दिवस मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "उद्या घरात इंग्रजी अक्षर असलेलं जे सापडेल ते घेऊन या." यात हौस कसली? त्या धड्याचा वीट आला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टेबल भरलं. बिडीच्या बंडलाचा कागद, साबणाचं वेष्टण, खोकल्याच्या औषधाची बाटली, नंदुरबार स्टेशनचं तिकीट. भिलाच्या हातात काहीच नव्हतं. तो उठला आणि वर्गाकडे पाठ करून उभा राहिला. दूध पावडरच्या कापडी पिशवीची चड्डी आईनं शिवून दिलेली, अक्षरं नेमकी बुडावर.

"बाई, मन्हं आठे शे!"

"वाचाले उभा ऱ्हाय मंग," मागून कोणी ओरडलं. वर्ग इतका हसला की शेजारचे मास्तर डोकावून गेले. पण अक्षरं सगळ्यांनी वाचली.

रमिलाही रिकाम्या हातानं आली होती. "आमना डबा मोठा शे बाई, तेलनी भरेल. कसा आनू?" असं म्हणून तिनं खडू घेतला आणि डब्यावरची अक्षरं फळ्यावर जशीच्या तशी काढली. पी, ओ, आय, एस, ओ, एन. खाली एक कवटी आणि दोन हाडं.

"डब्यात काय आहे म्हणालीस?"

"गोडं तेल. दादानं लगीन शे ना परवा."

मी वर्गाला शब्दाचा अर्थ सांगितला. रमिला खाली बसली ती तास संपेपर्यंत मान वर न करता.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई जसोदाबाई अंगणात लग्नाचे गहू पाखडत होती. "या बाई, बठा. वऱ्हाडना पहिले तुम्हीच उनात!"

मी डब्याचं सांगितलं.

"कपाशीवर मारेल औषधना डबा शे, माले काय माहीत नही?" ती म्हणाली. "राखवरी घासा, चिचवरी घासा, उनमा ठेवा. वाससुद्धा येस नही."

"वास जातो, विष पत्र्याला धरून राहतं. म्हणून तर वर ती कवटी छापलीय."

"ती ते छाप शे! वाघछाप ऱ्हास, घोडाछाप ऱ्हास, तशी ही मुंडीछाप. मुंडीछाप डबा मजबूत ऱ्हास, बाई."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या बाजारात सगळं चित्र बघूनच घेत. चहा, काडेपेटी, रंग. मीसुद्धा दुकानदाराकडे चहा चित्राच्या नावानंच मागायची. चित्र म्हणजे माल खात्रीचा. तिला कोणी वेगळं कधी सांगितलंच नव्हतं.

रूपचंदभाऊ, रमिलाचे वडील, ओसरीवरून म्हणाले, "पुस्तकमा शे का हाई?"

"नाही, भाऊ."

"मंग?"

मी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा, त्याच शब्दांत. उद्या सकाळपासून त्याच तेलात गावजेवणाच्या बट्ट्या तळायच्या होत्या. घरच्या शेंगांचं, घाणीवर बसून काढून आणलेलं तेल. मी बोलत होते आणि माझं बोलणं मलाच वर्गातल्या धड्यासारखं ऐकू येत होतं.

"थकनात तुम्ही बाई," जसोदाबाई मायेनं म्हणाली. "चहा ल्या."

रमिला इतका वेळ दाराशी उभी होती. ती आत गेली. कुऱ्हाडीचा पत्र्यावर घाव बसल्याचा आवाज आला, पुन्हा एक. मग उंबऱ्यावरून तेल बाहेर आलं आणि सारवलेल्या अंगणात सावकाश पसरत गेलं. गव्हाच्या राशीपाशी येऊन ते थांबलं.

जसोदाबाईनं आधी गहू उचलले, मग पोरीला मारलं. मी मधे पडले तर एक फटका मलाही बसला.

रूपचंदभाऊंनी आवाज चढवला नाही. "सकायपासून शाळा बंद," एवढंच रमिलाला म्हणाले.

भाऊबंदांच्या घरांतून तेल मागून आणून लग्न झालं. मला बोलावणं आलं आणि मी गेले. पंगतीवर पंगती उठल्या. रात्री कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्यांच्या पंगतीत जसोदाबाई तुपाची वाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "देखा बाई, कोनले काही व्हयनं का? डबाभर तेल मातीमा गयं!"

पंगत हसली. त्या डब्यातलं कोणी खाल्लंच नाही म्हणून काही झालं नाही, हे मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. म्हटलं तरी पटलं असतं, असंही नाही.

रमिला वरण वाढत आली. पहिल्यांदाच लुगडं नेसलेली, पदर सारखा सावरत होती. गालावरचा वळ अजून गेला नव्हता.

"बाई, आजून?"

"पुरे गं," मी म्हणाले.

तिनं तरी पळीभर वाढलं आणि पुढच्या पानाकडे सरकली.